रंगवलेला चेहरा आणि वाया न गेलेला कबीर

बाँडपटांचा विषय निघाला की ‘ऑक्टोपसी’ची (१९८३) टिंगल ठरलेलीच. जुहूत तर या टिंगलीला घरच्या माणसाच्या मानापमानाची किनार आहे. सत्तरच्या दशकात इथेच समुद्राकाठी राहणारा कबीर बेदी १९७६च्या ‘सान्दोकान’ मालिकेमुळे इटलीत घरोघरी पोहोचला होता. अशा नटाच्या वाट्याला बाँडपटात आलं काय, तर फेटा बांधून खलनायकाच्या मागे उभं राहणं!

आक्षेप तीन आहेत. बाँडला विदूषक करून नायकाची अब्रू घालवली. भारत म्हणजे गारुडी आणि फकीर, असं दाखवलं. आणि कबीर बेदी वाया घालवला. तिन्ही आक्षेप एकाने दुसऱ्याकडून ऐकून पक्के झाले आहेत. चित्रपट पुन्हा पाहून ते तपासण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

आधी विदूषक. शीर्षकगीत संपताच पूर्व बर्लिनमध्ये एक विदूषक जीव मुठीत धरून पळताना दिसतो. तो असतो ००९, बाँडचा सहकारी. सुरीफेके जुळे भाऊ त्याला गाठतात. पाठीत सुरी घेऊन तो कसाबसा ब्रिटिश राजदूताच्या घरी पोहोचतो, कोसळतो, आणि त्याच्या हातून फॅबर्जेच्या अंड्याची नक्कल घरंगळते. शेवटी बाँड चेहरा रंगवतो तेव्हा तो मेलेल्या सहकाऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करत असतो. ज्या वेषात चित्रपटाची सुरुवात झाली त्याच वेषात त्याचा कळस होतो. याला पोरकटपणा म्हणायचं की पटकथेची बांधणी?

प्रसंगही नीट पाहावा. पश्चिम जर्मनीतला अमेरिकी हवाई तळ, तिथे सर्कशीचा खेळ, आणि माणूस उडवणाऱ्या तोफेच्या बुडात अणुबॉम्ब. हा स्फोट अमेरिकी बॉम्बचाच अपघात वाटावा, पश्चिम युरोपातल्या लोकांनी अण्वस्त्रं हटवायला भाग पाडावं आणि सोव्हिएत रणगाड्यांना वाट मोकळी व्हावी, हा सोव्हिएत जनरल ओर्लोवचा डाव. त्याच वर्षी पश्चिम युरोपात अमेरिकी क्षेपणास्त्रांविरुद्ध प्रचंड मोर्चे निघत होते. म्हणजे कथानक त्या दिवसांच्या धास्तीतूनच उचललेलं होतं. बाँड जीव तोडून सांगतो आहे की इथे बॉम्ब आहे, आणि प्रेक्षक खदखदा हसताहेत. आपल्या तमाशातला सोंगाड्या हशाच्या आडून राजाला खरं सुनावतो. इथे नेमकं उलटं घडतं: हशाच खऱ्याच्या आड येतो. रंगाच्या थराखालचा रॉजर मूर या प्रसंगात एकदाही मिश्कील होत नाही. त्याच्या बाँडकारकिर्दीतला सर्वांत घुसमटवणारा प्रसंग मी यालाच म्हणेन.

दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. उदयपुरातल्या पाठलागात खिळ्यांची शय्या, निखारे, तलवार गिळणारा अशी सगळी सामग्री ओळीने मांडली आहे. भारतीय सहकाऱ्याच्या हातात नोटा कोंबताना बाँड करीवरून विनोद करतो, तोही हिणकस. वेलीला लोंबकळत टारझनची आरोळी ठोकणं आणि वाघाला ‘बस’ म्हणणं, यांची वकिली मी करणार नाही. मात्र गारुडी जरा जवळून पाहावा. तो असतो हेरखात्याचा माणूस, टेनिसपटू विजय अमृतराज. आणि त्याच्या पुंगीतून निघते बाँडचीच ओळखीची धून! परदेशी पाहुण्याला जो भारत पाहायची हौस असते तो इथे वेषांतर म्हणून वापरला आहे. सगळी पापं यानं धुतली जात नाहीत. पण दिग्दर्शक जॉन ग्लेनला आपण काय दाखवतो आहोत याचं भान होतं, एवढं तरी सिद्ध होतं.

आता गोबिंदा, म्हणजे कबीर बेदीची भूमिका. संवाद मोजके म्हणून भूमिका क्षुल्लक, हा हिशेब बाँडपटांना लागू होत नाही. ‘गोल्डफिंगर’मधला (१९६४) ऑडजॉब मुठीत गोल्फचा चेंडू चिरडतो, आणि एवढ्यावर त्याची आठवण राहिली. इथे बाँड खलनायक कमाल खानचेच लबाडीचे फासे वापरून डाव जिंकतो, तेव्हा गोबिंदा ते फासे मुठीत घेऊन त्यांचा चुरा करतो. दिग्दर्शकाने त्याला कोणत्या रांगेत बसवलं, हे यावरून कळावं. शेवटी उडत्या विमानाच्या पाठीवर बाँड चिकटलेला असताना कमाल खान त्याला बाहेर जायला फर्मावतो. गोबिंदा क्षणभर अविश्वासाने मालकाकडे पाहतो, आणि जातो. त्या एका नजरेत भीती आहे, इमान आहे, आणि आपण कुणासाठी मरतो आहोत याची उमजही आहे. फ्रेंच लुई जुर्दाँने केलेल्या कमाल खानच्या वाट्याला भरपूर संवाद आहेत, पण असा एकही क्षण नाही.

मग टिंगल टिकली का? २००६च्या ‘कॅसिनो रोयाल’नंतर बाँड रक्तबंबाळ आणि गंभीरच असला पाहिजे, अशी आपली सवय झाली. त्या मापाने १९८३चा चित्रपट मोजणं म्हणजे संगीत नाटकात गाणी फार आहेत अशी तक्रार करणं.

निकाल असा: मालिकेतला हा तेरावा चित्रपट विसंगत आहे, जागोजागी सवंग आहे, पण त्याचा शेवट भक्कम आहे आणि जुहूच्या कबीरने आपली जागा कमावलेली आहे. टिंगल करायचीच असेल तर टारझनच्या आरोळीची खुशाल करा. विदूषक आणि गोबिंदा यांना मात्र त्यातून वगळा.