टायमिंग बेल्ट: इंजिनाच्या बाहेर आलेला आणि परत आत गेलेला पट्टा

मी इंजिनिअर आहे म्हटल्यावर नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "गाडीचा टायमिंग बेल्ट घरी बदलता येतो का रे?" मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्यांच्या लेखी गौण असतं. पण प्रश्न चांगला आहे. कारण त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या कौशल्यापेक्षा तो पट्टा इंजिनात कुठे बसवलाय यावर जास्त अवलंबून आहे. आणि ती जागा गेल्या साठ वर्षांत दोनदा बदलली. आजचा भाग त्याबद्दल.

आधी थोडं काम समजून घेऊ. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट, त्याला पिस्टन जोडलेले. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक व्हायला हवी. दीड नाही, पावणेदोन नाही, बरोब्बर दोनाला एक. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर कॅम 1500, म्हणजे सेकंदाला 25. या दोघांना एका तालात बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे टायमिंग बेल्ट. एक दात जरी घसरला तरी गाडी दम टाकते.

पूर्वी हे काम गिअर किंवा चेन करायची. आपली ॲम्बेसेडर घ्या, प्रीमियर पद्मिनी घ्या, दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच होता, क्रँकच्या शेजारी. मधे एक छोटी चेन, तेलात भिजलेली, झाकणाच्या आत. वरचे व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी ढकलले जायचे. कॅम वर, थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर नेला तर इंजिन जास्त मोकळं पळतं, हे रेसवाल्यांना कितीतरी आधीपासून माहीत होतं. पण मग चेन लांब होते, तिला तेल पाजावं लागतं, तेल गळू नये म्हणून धातूचं बंद झाकण लागतं, शिवाय तिचा आवाज. सगळा खर्चिक मामला.

दातांचा रबरी पट्टा मुळात गाडीसाठी आलाच नाही. 1940च्या दशकात अमेरिकेत तो शिलाई मशीनसाठी वापरात आला. वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा ताल चुकला की टाका पडत नाही, प्रश्न तोच. पुढे 1950च्या दशकात बिल डेव्हिन या अमेरिकन गाडीवाल्यानं आपल्या छोट्या रेस कारमध्ये असा पट्टा कॅम फिरवायला लावला. पण ती रेसची हौस. सामान्य माणसाला विकायच्या गाडीत पट्टा आणला तो जर्मनीतल्या बव्हेरियात, डिंगॉल्फिंग गावच्या हान्स ग्लास यांच्या कंपनीनं. ही कंपनी मूळची शेतीची अवजारं बनवणारी, पेरणीयंत्रं वगैरे. मग स्कूटर, मग 1955 साली गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी. 1962 साली त्यांची ग्लास 1004 बाजारात आली, 992 सीसीचं इंजिन, वर कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला रबरी पट्टा. मोठ्या संख्येनं बनलेल्या गाड्यांतली ही पहिली.

मला यात आवडतं ते हे, की हे धाडस कुठल्या बड्या कंपनीनं केलं नाही. छोट्या कारखान्याला वरचा कॅम तर हवा होता, पण परवडायलाही हवा होता. पट्टा कोरडा चालतो, त्याला तेल नको, तेल नको म्हणून तो इंजिनाच्या बाहेर बसवता येतो, आणि वर पातळ झाकण पुरतं. ग्लास कंपनी पुढे टिकली नाही. 1966 साली बीएमडब्ल्यूनं ती विकत घेतली. पट्टा मात्र पसरला. अमेरिकेत पाँटियाकनं 1966च्या मॉडेलांत सहा सिलिंडरच्या इंजिनाला तो लावला. त्याच वर्षी इटलीत फियाटच्या ट्विन-कॅम इंजिनात तो आला. ते इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं, जे आधी फेरारीसाठी बारा सिलिंडरची इंजिनं काढत. आपल्याकडे तो बहुधा बहुतेक घरांत मारुती 800 मधून शिरला. 14 डिसेंबर 1983 ला पहिली गाडी दिली गेली, आणि तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात वर कॅम आणि बाजूला पट्टा होता.

आता याची किंमत. चेन झिजली की खडखडते, महिनोन्महिने आधी सांगते. पट्टा बोलत नाही. आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर एकही वॉर्निंग लॉग न टाकता प्रोसेस मरते. आतल्या दोऱ्या थकतात, दातांच्या मुळाशी चिरा जातात, आणि गाडी शेवटच्या दिवसापर्यंत मस्त चालते. म्हणून कंपन्यांनी पुस्तकात आकडा लिहायला सुरुवात केली, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. म्हणजे धोका कानानं ओळखायची सोय गेली आणि एक नोंद आली. पहिल्या मालकाकडे ती नोंद असते. तिसऱ्याकडे असतेच असं नाही.

आणि पट्टा तुटला तर? कॅम जागीच थांबतो, चाकं फिरत असल्यामुळे पिस्टन वर येतच राहतात. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात जागा ठेवलेली असते, फियाटच्या 1985च्या फायर इंजिनाच्या सुरुवातीच्या आठ-व्हॉल्व्ह प्रकारात तशी होती. तिथे गाडी नुसती बंद पडते. बऱ्याच इंजिनांत ती जागा नसते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीत हेडचं बिल गाडीच्या भावाशी स्पर्धा करतं.

बाबांनी घेतलेली सेकंडहँड 800 अशीच आली होती, बिनपुस्तकाची. विकणारा म्हणाला, "सगळं टॉपमध्ये आहे." आम्ही तिचा बेल्ट नाशिकला घराच्या अंगणात बदलला. बॅटरीची तार सोडायची, स्पार्क प्लग काढायचे म्हणजे इंजिन हातानं फिरतं, फॅन बेल्ट काढायचा, मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट. त्या बोल्टला पान्यावर लांब पाईप चढवूनच नमवावं लागलं. झाकण निघालं की कॅमच्या चाकावरची आणि क्रँकच्या चाकावरची खूण आपापल्या खुणेसमोर आणायची. एवढं झालं की मगच टेन्शनर ढिला. त्यानंतर नवा पट्टा बसेपर्यंत दोन्ही चाकांना कुणी हात लावायचा नाही.

नवा बसल्यावर बाबा म्हणाले, "मार आता चावी." म्हटलं, "थांबा बाबा, आधी हातानं दोन फेऱ्या." दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक पूर्ण होते आणि सगळ्या खुणा परत मूळ जागी यायला हव्यात. हातानं फिरवताना काही अडलं तर पाना थांबतो, स्टार्टर थांबत नाही. खुणा जुळल्या, टेन्शनर टॉर्क रेंचनं आवळला, मग चावी. हे सगळं अंगणात जमलं कारण पट्टा बाहेर होता, कोरडा होता, आणि तेलाचा थेंबही न सांडता त्याच्यापर्यंत पोचता आलं. (बाहेरचा पट्टा म्हणजे दरवेळी सोपं काम असंही नाही. फेरारी एफ355 मध्ये पट्टे बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवतात.)

मग कंपन्यांनी पट्टा परत आत नेला. घर्षण कमी, इंजिन आखूड, इंधनाची थोडी बचत, म्हणून तेलात भिजून चालणारे पट्टे आले. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं 1.2 प्युअरटेक ही त्यातली नावाजलेली. प्युअरटेकमध्ये पट्ट्याचे कण सुटून तेलाची जाळी तुंबण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला युरोपात वॉरंटी 10 वर्षं किंवा 1,75,000 किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. रबर तेलात चालू शकतं, तो केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. पण पट्टा स्वस्त झाला आणि घरी बदलता आला तो बाहेर असल्यामुळे. तो आत नेला की चेनची अडचण आणि पट्ट्याचं मौन, दोन्ही एकदम गळ्यात पडतात.

आपल्याकडे आता मामला मिश्र आहे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन आहे. स्विफ्टमधल्या फियाटच्या 1.3 डिझेललाही चेन होती, पण त्याच काळात डस्टरमधलं 1.5 डिझेल पट्ट्याचं. फोक्सवॅगनचं 1.0 टीएसआय पट्ट्याचं, आणि तोही कोरडा. तेव्हा जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिन कुठलं ते विचारा. पट्ट्याचं असेल तर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर विचारा, पावती मागा. चांगले मेकॅनिक बोनेटखाली तसा स्टिकर लावतात. स्टिकर नाही आणि पावतीही नाही, तर बेल्ट, टेन्शनर आणि मजुरीचे पैसे भावातून आधी वजा करा, मग चहा घ्या.