डोंगराचं नाव

अलास्कातला देनाली म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात उंच डोंगर, २०,३१० फूट. कोयुकॉन आदिवासींच्या बोलीत त्याचा अर्थच 'उंच असलेला'. १८९६ साली सोनं शोधत आलेल्या एका गोऱ्यानं त्याला मॅकिन्ली हे नाव चिकटवलं. मॅकिन्ली तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार. गडी अलास्कात कधी गेलाच नाही! १९१७ला त्यावर सरकारी शिक्का बसला.

अन् दोस्तांनो, ७ जून १९१३ला शिखरावर पहिलं पाऊल पडलं ते वॉल्टर हार्परचं. आई कोयुकॉन. वय वीस, म्हणजे आपल्यातल्या निम्म्यांएवढं. मोहिमेचा म्होरक्या पाद्री हडसन स्टक सगळ्यांत शेवटी पोचला. पण माणूस सच्चा. मूळ नाव परत द्या, असं त्यानंच लिहून ठेवलं. ते ऐकायला सरकारला २०१५ उजाडलं. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्पच्या एका सहीनं पुन्हा मॅकिन्ली! कोयुकॉन माणसं त्याला देनालीच म्हणतात.