धवल्यापासून वहीपर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मी काही लिहावे, असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. विषयही त्यांनीच दिला : आपल्या मुलींना कविता करण्याची गोडी कशी लागेल? मी कवयित्री नव्हे. जुन्या गोष्टी वाचण्याचा मात्र मला नाद आहे. तेव्हा मुलींना उपदेश करण्यापेक्षा, आपल्याकडे बायकांनी कविता कशातून केली आणि त्या वेळी त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, याचा थोडासा इतिहास भगिनींपुढे मांडावा असे मी ठरविले.

आरंभ लग्नघरापासून करते. ठाणे-रायगडकडच्या आगरी-कोळी लोकांत लग्नाचे विधी धवलारीण चालवीत असे, हे आपल्याला नवे नाही. बाहेरच्या माणसाला मात्र त्याचे मोठे नवल वाटते. पोथी नाही, पंचांग नाही. नऊवारी नेसलेली एक वयस्क बाई मांडवात बसते आणि धवले गाऊन लग्न लावते. प्रत्येक विधीचे गाणे निराळे. तिला ते आई-आजीकडून, नाही तर दुसऱ्या जुन्या धवलारणीकडून तोंडपाठ मिळालेले असते. तिने शाळेचे तोंड पाहिलेले नसले तरी काही अडत नाही. तिचे गाणे राहिले तर मात्र लग्न अडते!

आता हा ‘धवला’ शब्द किती जुना आहे, पाहा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात ती महदंबा तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. लहानपणीच विधवा झालेली बाई. तिच्या रचनेचे नावच मुळी ‘धवळे’. ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, श्रीगोविंदप्रभू राहत. त्यांना एकदा आपले लग्न करावे अशी लहर आली. लग्न म्हटले की गाणी हवीतच! ती महदंबेने म्हणावी असे झाले आणि तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. म्हणजे मराठी बाईची पहिली लिहून राहिलेली कविता ही लग्नघरातल्या गाण्याच्या चालीवर उभी आहे. कोणी राजाने कवनाला इनाम दिले म्हणून ती झाली नाही. कोणीतरी ‘तू म्हण’ असे सांगितले आणि ऐकायला बसले, एवढेच.

ही महदंबा फार चौकस होती. श्रीचक्रधरस्वामींना ती सारखे प्रश्न विचारी आणि ते प्रश्न म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त नोंदलेले आहेत. पंथाचे ग्रंथ संस्कृतात न लिहिता मराठीत लिहावेत, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्या बायकांनाही ते कळतील, असा नागदेवाचार्यांचा कटाक्ष होता. मला वाटते, ज्या मंडळीत बायकांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद होत होती, त्याच मंडळीत मराठीची पहिली कवयित्री निपजावी, यात आश्चर्य ते कोणते?

पुढे कित्येक शतके बायकांची कविता जात्याभोवतीच फिरली. पहाटेचे दळण, माहेरची आठवण, भाऊ, पाऊस, पंढरीची वाट. ओवीला एवढे पुष्कळ झाले. ती लिहून घ्यावी असे मात्र फार उशिरा कोणाला सुचले. साने गुरुजींनी मायबहिणींकडून ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ दोन भागांत दिले. सरोजिनीबाई बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत उभी हयात हेच काम केले. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पोइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, आणि मग ओव्यांची किंमत कळली. आपल्याकडे बहुधा असेच होते.

यानंतर मला भगिनींना जळगावला न्यायचे आहे, आणि तेही १९०७ साली. त्या वर्षी तेथे महाराष्ट्रातल्या कवींचे संमेलन भरले. रेव्हरंड टिळकांसारखी मोठी मंडळी आली होती. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. त्या सभेत धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. ती ऐकून अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे तेच त्याचे नाव झाले. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला घरच्या मुलासारखे वागविले, आणि त्याच्या खोड्यांसकट सारे ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले. या लक्ष्मीबाईंना लग्न होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. ती नवऱ्याने करून दिली. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्याचा पुढचा बहुतेक भाग या बाईंनीच रचला. बालकवी मात्र त्याआधीच, १९१८ साली, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. पुरती अठ्ठावीस वर्षेही त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

पण मला राहून राहून आठवण होते ती दुसऱ्याच एका बाईची. ज्या साली हे संमेलन जळगावात गाजले, त्याच साली, त्याच गावात, चौधऱ्यांच्या घरात सत्तावीस वर्षांची एक सून दळीत-कांडीत होती. आसोद्याच्या महाजनांची ही लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावास आलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. कवींची सभा भरली आहे हे तिच्या कानावर गेले असेल की नाही, देव जाणे! त्याच १९०७ च्या ऑक्टोबरात तिला मुलगा झाला, त्याचे नाव सोपान. तिचे नाव बहिणाबाई.

तिसाव्या वर्षी तिला वैधव्य आले. थोरल्या मुलाला प्लेगने अपंग केले. शेत आणि घर तिने ओढले, आणि ओढता ओढता ती गाणी म्हणत गेली. विषय कोणते? सुगरण पक्ष्याचे घरटे, पेरणी, जाते, चूल, माणसाचे सैरावैरा धावणारे मन. गावात छापखाना निघाला तर त्यावरही तिचे गाणे आहे. मला हे फार आवडते. ज्या बाईला छापलेले वाचता येत नव्हते, तिला छापखाना गाण्याजोगा वाटला! कल्पनेसाठी तिला हिमालयावर जावे लागले नाही. रोज जे हाताखाली येत होते तेच तिने नीट पाहिले, आणि आपल्या खानदेशी बोलीत सांगितले.

ही गाणी वाऱ्यावर गेली असती. ती राहिली याचे कारण घरातलीच दोन माणसे. सोपानदेव मोठा होऊन स्वतः कवी झाला. तो आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची गाणी ऐकता ऐकता टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीत भीत आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्रे वाचून थक्क झाले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २०१८ साली दिले गेले. सगळे झाले, पण बाईंनी आपले पुस्तक पाहिले नाही. ती वही दहा वर्षे आधी कोणाला दाखविली असती तर! हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या गावाकडे वळते. मागे मंडळात मुलींसाठी काव्यवाचन ठेवले होते. सातवीतल्या एका मुलीने आपल्या आजीवर कविता आणली होती : पहाटे ओहोटीला खाडीत उतरणारी, चिखलात मांडीपर्यंत रुतून निवट्या पकडणारी, दुपारी पाटी घेऊन बाजारात बसणारी आजी. कविता गोड होती. पण ती कोणाला तरी दाखवून आणलेली होती, आणि त्या जाणत्या माणसाने ‘म्हावरं’ खोडून तेथे ‘मत्स्य’ आणि ‘चिखल’ खोडून ‘पंक’ असे लाल शाईने लिहिले होते. पोरीने इमानाने तसेच वाचले. तिची आजी मागच्या रांगेत बसली होती, तिने शेजारणीला विचारले, “ही कुनाविषयी बोलतं?” सभेत हशा पिकला, पण मला हसू आले नाही. मी त्या मुलीला जवळ बोलावून सांगितले की, बाळ, आधीचेच वाच. तिने दुसऱ्यांदा वाचले तेव्हा आजीने पदर डोळ्यांना लावला.

शुद्ध भाषा शिकू नये असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत ती हवीच. पण बहिणाबाईंच्या वहीवर असा लाल शाईचा हात फिरला असता, तर अत्र्यांच्या हाती काय पडले असते? कोळीगीतांचेच पाहा ना. रेडिओवर गाजलेली कितीतरी कोळीगीते शांताबाई शेळक्यांनी लिहिली, आणि त्या तर पुणे जिल्ह्यातल्या, दर्यापासून लांबच्या. त्यांनी कानांनी आपली बोली टिपली. आपल्या मुलींच्या तर ती घरातच आहे.

शिवाय त्यांच्यापाशी सांगण्यासारखे आहे ते त्यांच्याखेरीज कोण सांगणार? १९७० साली सिडको आली, १९७३ साली खाडीवर वाशीचा पूल झाला, मग भातशेती आणि मिठागरे जाऊन चहूकडे शहर उठले. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येईल. पण शेताच्या बांधावर बसलेल्या आजीला तेथे बारा मजले उभे राहिलेले पाहून काय वाटले, डोलीत आता म्हावऱ्यापेक्षा प्लास्टिक का अधिक येते, हे त्या घरातल्या मुलीनेच लिहायला हवे.

म्हणून आम्ही एक काम हाती घेतले आहे. गावात धवले येणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि बँड आल्यापासून त्यांना मांडवात बसविण्याचे पुष्कळ घरांनी सोडले आहे. त्यांतल्या एका आजीकडे दर गुरुवारी दुपारी तिघी मुली वही घेऊन जातात. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, “अगो बाय, गाना काय लिवाचा असतं? तो गावाचा असतं.” मग गायलीही. एकीने लिहायचे, दुसरीने मोबाईलवर आवाज धरायचा, आणि तिसरीने अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायचा, अशी वाटणी त्यांनी आपापसांत केली आहे. त्यांच्यातली ती सातवीतली मुलगी वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचेही काही लिहिते. ते मी विचारल्याशिवाय पाहत नाही. आतापर्यंत हळदीचे धवले उतरले. मांडवाचे चालू आहेत. ज्यांच्या घरी कोणाला येत असतील त्यांनी मंडळात कळवावे. मुली गुरुवार सोडून रविवारीही यायला तयार आहेत.