मोटारीच्या दाराचा खटका

राज्यांचे इतिहास लिहिले जातात, लढायांचे लिहिले जातात. परंतु ज्या लहानसहान वस्तूंवर सामान्य माणसाचे प्राण दररोज अवलंबून असतात, त्यांच्या इतिहासाकडे पाहण्यास फारशी कोणास सवड नसते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ज्या धुळे शहरी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेविला, त्या खानदेशातील वाचकांस तरी क्षुद्र वाटणाऱ्या चिठ्ठीचपाटीतून इतिहास कसा उकलतो हे सांगावयास नको. आज आम्ही वाचकांपुढे जो इतिहास ठेवीत आहोत, तो मोटारगाडीच्या दाराच्या खटक्याचा होय. मेकॅनिक मंडळी ज्यास ‘लॉक’ म्हणतात तीच ही वस्तू. दार ओढले की तो बसतो आणि मूठ ओढली की सुटतो, एवढाच आपला व त्याचा परिचय. गाडीच्या कुशीत दुसरी गाडी येऊन आदळली असता तो सुटता कामा नये, ही गोष्ट आज कोणासही उघड वाटेल. पण ती मान्य होऊन कायद्यात उतरावयास मोटारीच्या जन्मापासून पाऊणशेहून अधिक वर्षे लागली, आणि आपल्या देशापर्यंत ती पूर्णपणे पोहोचावयास आणखी अर्धशतक गेले.

आपल्या जुन्या वाड्यांचे दार ज्यांनी पाहिले आहे त्यांस या खटक्याचे मर्म चटकन ध्यानी येईल. रात्री दार लावल्यावर आतून जो जाडजूड अडसर सरकवीत, त्याची टोके दोन्हींकडील भिंतींत केलेल्या खोबणींत जात. बाहेरून कितीही धक्के बसले तरी ते एकट्या फळीस सोसावे लागत नसत. अडसरावाटे ते भिंतीत उतरत. दार मिटलेले असते तेव्हा ते दार नसून भिंतीचाच भाग असते, ही गोष्ट आपल्या सुतारांस पूर्वापार ठाऊक होती.

मोटारीचे दार मात्र वाड्याच्या दारावरून घेतलेले नव्हते. ते बग्गीच्या दारावरून घेतलेले होते. बग्गीच्या दाराचे काम धूळ व वारा आत येऊ न देणे आणि बसणाऱ्याची अब्रू राखणे, एवढेच. ताशी सातआठ मैल चालणाऱ्या वाहनास त्याहून अधिक कशास हवे? विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी बांधणारे कारागीर बहुधा बग्ग्या बांधणाऱ्यांचेच शिष्य होते. त्यांनी वेग दसपट झाला तरी कडी जुनीच ठेविली. कित्येक गाड्यांच्या दारांची बिजागरी मागील बाजूस असे. त्यामुळे चालत्या गाडीत खटका निसटला तर वाऱ्याच्या जोरानेच दार सताड उघडे. आपल्याकडील वयस्क वाचकांस ‘डुक्कर फियाट’ आठवत असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीची पुढची दारे याच तऱ्हेची होती. साडी नेसलेल्या स्त्रीस चढावयास ती मोठी सोयीची. पण सोय आणि सुरक्षितता यांचे नेहमीच पटते असे नाही.

या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने प्रथम पाहिले ते मोटारीच्या कोणा कारखानदाराने नव्हे, तर विमान अपघातातून वाचलेल्या एका माणसाने. ह्यू डीहेवन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात कॅनडात रॉयल फ्लाइंग कोअरचा उमेदवार वैमानिक होता. १९१७ साली टेक्ससमध्ये सराव चालू असता दोन विमानांची हवेतच टक्कर झाली. तो वाचला, परंतु पोटातील इंद्रियांस जबर इजा झाली. आणि ती इजा कमरेच्या पट्ट्याच्या अणकुचीदार बकलाने केली असे त्याचे मत पडले. माणूस मरतो तो केवळ आपटल्याने नव्हे, तर कशावर व कसा आपटतो यावर त्याचे जगणे अवलंबून असते, हा विचार त्याच्या मनात घर करून राहिला. उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास करून त्याने १९४२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचे संशोधन वाढीस लागले.

डीहेवनची मुख्य कल्पना इतकी घरगुती आहे की रावेर-यावलच्या केळीच्या बागाइतदारास ती समजावून द्यावी लागणार नाही. नाजूक माल दूरच्या गावी पाठवावयाचा तर काय करावे? पेटी मजबूत हवी. आतील माल हलू नये अशा बेताने बसविलेला हवा. आत मऊ अस्तर हवे. आणि सर्वांआधी, पेटी वाटेत उघडून माल रस्त्यावर सांडता कामा नये. ट्रकमध्ये केळीचे घड भरताना खाली-वर पाने अंथरतात आणि मागचा फाळका घट्ट बांधतात, ते याच शहाणपणाने. डीहेवनचा प्रश्न असा की, काचसामानास आपण जेवढी काळजी देतो तेवढी मोटारीत बसलेल्या माणसास का देत नाही?

१९५० नंतर कॉर्नेलच्या संशोधकांनी निरनिराळ्या संस्थानांच्या पोलिसांच्या साहाय्याने खऱ्या अपघातांची टिपणे जमविण्यास आरंभ केला. त्यांतून जे दिसले ते लोकमताच्या अगदी उलट होते. ‘गाडीबाहेर फेकला गेला म्हणून वाचला’ हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक अपघातानंतर कोणी ना कोणी उच्चारतोच. ते ऐकू येते याचे कारण सोपे आहे: फेकला जाऊन जो वाचला तो आपली कथा सांगावयास परत येतो, जो मेला तो येत नाही. टिपणांची मोजदाद केल्यावर असे ठरले की, गाडीबाहेर पडणाऱ्यास मृत्यूचा धोका आत राहणाऱ्याच्या कित्येक पट असतो. आणि माणसे बाहेर पडत होती ती बहुतेक काचांतून नव्हे, तर धडकेत आपोआप उघडलेल्या दारांतून.

दारे का उघडत होती? त्या काळचा खटका दारास आत-बाहेर जाऊ देत नसे. परंतु धडकेत गाडीचा सांगाडा पिळवटला आणि खांब दारापासून लांबीच्या दिशेने दूर सरला, की खटका व खांबावरील खुंटी एकमेकींतून सहज निसटत. दोन माणसांनी हातांत हात गुंफले असावेत, पण बोटे वळविलेली नसावीत, तसा तो प्रकार होता. उपाय झाला तो बोटे वळविण्याचा. खुंटीस अशी पट्टी जोडली की लांबीच्या दिशेनेही ती सुटू नये. अमेरिकेतील १९५६ च्या गाड्यांत अशा सुधारलेल्या कड्या आल्या. फोर्ड कंपनीने तर त्यांची जाहिरातही केली. जर्मनीत मर्सिडीज कंपनीने १९५९ च्या आपल्या नव्या गाडीस पाचरीसारख्या खुंटीचा व दुहेरी पकडीचा खटका बसविला. १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि त्यान्वये केलेला दारांच्या कड्यांविषयीचा नियम १ जानेवारी १९६८ पासून अमलात आला. त्याने प्रथमच आकडे घालून दिले: पूर्ण बसलेल्या खटक्याने लांबीच्या दिशेने २,५०० पौंड व आडव्या दिशेने २,००० पौंड ताण सोसला पाहिजे, अर्धवट बसलेल्याने निदान १,००० पौंड, आणि गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट धक्क्यानेही तो स्वतःहून सुटता कामा नये.

या शेवटच्या कलमाचे मर्म बाजूच्या धडकेत कळते. समोरून धडक बसली तर माणूस व शत्रू यांच्यामध्ये इंजिन असते, हात-दोन हात लांबीचा पत्रा असतो. बाजूने बसली तर मध्ये असते वीत-दीड वीत जाडीचे दार. डाव्या कुशीस धक्का बसताच सबंध गाडी एकाएकी उजवीकडे ढकलली जाते. दाराची बाहेरची मूठ मात्र आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते. म्हणजे गाडीच्या दृष्टीने ती बाहेर ओढली जाते, जणू अदृश्य हाताने कोणी दार उघडीत आहे. यास्तव मुठीस तोलणारे लहानसे उलट वजन किंवा कडक कमान बसवितात. शिवाय दार आत दबले की मुठीपासून खटक्यापर्यंत जाणारी सळई वाकून खटका ओढला जाण्याची भीती असते, तिचीही तजवीज करावी लागते. खटका टिकला तर दार अडसराप्रमाणे दोन खांबांच्या मध्ये ताणलेले राहून धक्का सांगाड्यास वाटून देते. तो सुटला तर दाराच्या आत घातलेल्या पोलादी दांड्याचे एक टोक निराधार होते आणि सगळी मजबुती फुकट जाते.

पण खटक्याचे कर्तव्य येथेच संपत नाही. बाजूच्या धडकेविषयीचा युरोपातील नियम, ज्याच्या धर्तीवर आपला भारतीय नियम झाला, दोन मागण्या शेजारी-शेजारी मांडतो. ९५० किलो वजनाचा गाडा ताशी ५० किलोमीटर वेगाने कुशीवर आदळत असता एकही दार उघडता कामा नये; आणि आदळून झाल्यावर माणसांस बाहेर काढण्यापुरती दारे हत्याराविना उघडली पाहिजेत. क्षणभर अभेद्य आणि लगेच नम्र, असे हे दुहेरी व्रत आहे.

जगातील राष्ट्रांनी एकत्र बसून वाहनांविषयी जो पहिला जागतिक तांत्रिक नियम १८ नोव्हेंबर २००४ रोजी संमत केला, तो याच खटक्यांचा व बिजागऱ्यांचा होता. त्या कराराचा भारत २००६ साली सभासद झाला. तथापि सबंध गाडी बाजूने आदळवून पाहण्याची सक्ती आपल्याकडे नव्या नमुन्यांस १ ऑक्टोबर २०१७ पासून व आधीच विकल्या जाणाऱ्या नमुन्यांस १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या लक्षावधी गाड्या आजही आपल्या रस्त्यांवर धावत आहेत, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रास बाजूच्या धडकेची भीषणता ज्या दिवशी कळली तो दिवस ३ जून २०१४. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडा होतो न होतो तोच गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीस पहाटेनंतरच्या वेळी दिल्लीतील एका वर्तुळाकार चौकात दुसऱ्या गाडीची बाजूने धडक बसली. ते मागील आसनावर होते. मानेच्या मणक्यांस व यकृतास झालेल्या इजेने त्यांचा अंत झाला. गाडीच्या खटक्यात काही वैगुण्य होते असे आमचे म्हणणे नाही. मागील आसनावरचा पट्टा त्यांनी बांधला नव्हता आणि तो केवळ शोभेचा असतो या गैरसमजाने आपण मित्र गमावला, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. ही गोष्ट डीहेवनच्या पेटीच्या दृष्टांतात नेमकी बसते. पेटी मिटलेली राहणे ही पहिली अट. माल आत जागच्या जागी राहणे ही दुसरी. खटका पहिली पाळतो. दुसरी पाळणे ज्याचे त्याच्या हाती आहे.

हे सर्व आम्ही खानदेशच्या वाचकांपुढे आग्रहाने मांडतो, कारण हा मुलूख चौफुल्यांचा आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता यांची धुळ्यास गाठ पडते, सोलापूरचा रस्ताही तेथेच येऊन मिळतो. जळगावात महामार्ग वर्षानुवर्षे भरवस्तीतून वाहत आला. अजिंठा चौफुलीवर शाळेची मुले, केळीचे ट्रक व परगावच्या भरधाव गाड्या एकाच तोंडाशी येतात. जेथे रस्ते एकमेकांस छेदतात तेथेच गाडीची कूस उघडी पडते. आणि याच रस्त्यांवर काळीपिवळीच्या मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसे आपण पाहतो. दार बांधून ठेवलेले, कधी काढूनच टाकलेले, आणि खटका नावालाही नाही. कॉर्नेलच्या शास्त्रज्ञांनी जे घडू नये म्हणून खटपट केली, ते येथे प्रवासाच्या आरंभीच घडवून ठेवलेले असते. भाडे परवडत नाही म्हणून लोंबकळणाऱ्यास दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वेळेवर पुरेशी एस. टी. मिळाली तर हौसेने कोणी फळीवर उभा राहत नाही.

परंतु ज्यांच्या दारी स्वतःची गाडी आहे त्यांस सबब नाही. खटक्यास दोन पायऱ्या असतात. पहिलीवर दार मिटलेले दिसते, पण त्याची ताकद निम्मी किंवा त्याहूनही कमी असू शकते. म्हणून पदराचे टोक किंवा पिशवीचा बंद अडकून दार अर्धवट राहिले असेल तर गाडी थांबवून ते पुन्हा लावावे. अपघातानंतर ठोकून सरळ केलेले दार नुसते रंगवून घेऊ नये; खांबावरची खुंटी जागेवर आहे काय आणि खटका दोन्ही पायऱ्यांवर बसतो काय, हे पाहून घ्यावे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा; न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहेच, पण तो दंड सर्वांत स्वस्त होय. सरकारी अहवालाप्रमाणे एकट्या २०२२ साली पट्टा न बांधलेली १६,७१५ माणसे या देशात रस्त्यांवर मेली, आणि त्यांतील जवळजवळ निम्मी चालक नसून प्रवासी होती.

आपल्या वाडवडिलांच्या घरी दिवेलागणीनंतर दारास अडसर घातला की नाही हे पाहिल्यावाचून घरातील कर्ता माणूस अंथरुणास पाठ लावीत नसे. अडसराचे वाडे आता पडले, आणि रात्रीच्या वाटमाऱ्यांऐवजी भरदिवसा चौफुलीवर आडवे येणारे संकट उभे राहिले. गाडी सुरू करण्यापूर्वी चारही दारांकडे व सर्वांच्या पट्ट्यांकडे एकवार नजर टाकणे, हे त्या कर्त्या माणसाचेच काम आहे. ते आता जो गाडी चालवितो त्याच्याकडे आले आहे.