शिशाचा खडा आणि तांब्याची तार

१९२२ च्या हिवाळ्यांत लंडनमधील कितीतरी घरांत संध्याकाळीं एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागलें. मेजावर पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, शेजारीं एक चकाकणारा खडा, आणि त्या खड्यावर केसासारख्या बारीक तारेचें टोक टेकवीत, श्वास रोखून बसलेला गृहस्थ. टोक नेमक्या जागीं टेकलें कीं त्याच्या कानावरील श्रवणयंत्रांत गाणें उमटे. कोणी मेजाला धक्का दिला कीं तें नाहींसें होई आणि शोध पहिल्यापासून सुरू होई. घरांत माणसें चार आणि श्रवणयंत्र एक, अशा वेळीं तें चिनी मातीच्या वाडग्यांत ठेवावयाचें व सर्वांनीं वाडग्याभोंवतीं डोकीं जमवावयाचीं, अशी युक्तिही निघाली होती.

या यंत्राला ना बॅटरी लागे, ना घरची वीज. उंच बांधलेल्या लांब तारेंत बिनतारी लहरींमुळें जो अतिसूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, तेवढ्यावरच त्याचें काम चाले. पण तो प्रवाह अतिशय वेगानें दिशा बदलणारा असल्यामुळें श्रवणयंत्राचा पडदा त्यानें हलत नाहीं. त्याला एकाच दिशेनें वाट देणारा पहारेकरी हवा. गॅलिना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा खडा आणि त्यावर टेकलेलें तारेचें टोक मिळून हा पहारा करतात. या तारेला इंग्रज हौशी कारागीर ‘मांजराची मिशी’ म्हणत. खनिजांचा हा एकमार्गी स्वभाव जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन याला १८७४ सालींच आढळला होता. परंतु लहरी टिपण्यासाठीं गॅलिनाचा उपयोग करण्याचें अमेरिकन पेटंट १९०४ सालीं मिळालें तें कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांना, आणि तेंही त्यांच्या स्वतःच्या उत्साहामुळें नव्हे, तर स्नेह्यांच्या आग्रहामुळें.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे कार्यक्रम १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुरू झाले. ही कंपनी यंत्रें बनविणाऱ्या कारखानदारांचीच. साहजिकच, दहा शिलिंगांचा परवाना काढणाऱ्यानें कंपनीचा छाप असलेलें यंत्रच वापरलें पाहिजे, अशी अट घालण्यांत आली. पण कारखान्यांतील यंत्राला पौंड मोजावे लागत. घरीं करावयाचें तर श्रवणयंत्र तेवढें विकत घ्यावें लागे, बाकी खडा, तार आणि पुठ्ठा यांना फारसा खर्च नव्हता. लोकांनीं तोड काढली. ‘प्रयोगकर्ता’ म्हणून एक वेगळा परवाना मिळत असे; तो मागण्यासाठीं हजारों अर्ज आले. जणूं सारें राष्ट्रच एका रात्रींत शास्त्रज्ञ झालें! पोस्टखात्याला हे अर्ज मंजूरही करवेनात आणि नाकारवेनात. कित्येकांनीं तर परवान्याची वाटच पाहिली नाहीं. शेवटीं १९२३ मध्यें साइक्स समिति नेमली गेली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत स्वतः यंत्र बांधणाऱ्यांसाठीं पंधरा शिलिंगांचा निराळा परवाना निघाला. कायदा घरगुती कारागिरापुढें नमला खरा. मात्र पांच शिलिंग जास्त घेऊन नमला.

मुंबईंतही आरंभ हौशी मंडळींनींच केला. येथील रेडिओ क्लबानें जून १९२३ मध्यें पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. रीतसर नभोवाणी केंद्र उघडलें तें २३ जुलै १९२७ रोजीं. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. त्यामुळें खड्याचें यंत्र शहराच्या आसपासच काय तें उपयोगी. पुण्याच्या श्रोत्याला व्हाल्व्हचें महागडें यंत्रच हवें.

व्हाल्व्ह घरोघरीं पोहोंचले तसा खडा अडगळींत पडला. त्याची आठवण झाली ती रणांगणावर. जानेवारी १९४४ मध्यें इटलींत अँझिओ येथें उतरलेलीं दोस्तांचीं सैन्यें मे महिन्यापर्यंत किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टींत अडकून पडलीं. व्हाल्व्हचीं कांहीं यंत्रें ऐकतां ऐकतां स्वतःही लहरी बाहेर टाकतात, आणि त्यावरून शत्रूला ठावठिकाणा लागण्याची भीति असे. खड्याच्या यंत्राला तें भय नाहीं. पण खंदकांत गॅलिना कोठून मिळणार? सैनिकांनीं दाढीचें निळसर पातें फळीवर बसविलें, सेफ्टी पिनेच्या टोकाला पेन्सिलीचें शिसें बांधलें, जें नांवापुरतेंच शिसें, खरें पाहतां ग्राफाइट, आणि तें पात्यावर हळूहळू सरकवीत रोमचें केंद्र पकडलें. पात्यावरील ऑक्साइडाचा पातळ थर खड्याचें काम करीत होता. कंटाळा, चिखल आणि तोफांचा मारा यांत तेवढाच एक विरंगुळा.

त्याच युद्धांत रडारच्या अतिलघु लहरींपुढें नेहमींचे व्हाल्व्ह अपुरे पडले, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळांनीं टोकदार तार व सिलिकनचा खडा पुन्हां हातीं घेतला. त्या अभ्यासाच्या पायावरच डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. जर्मेनियमचा एक तुकडा, आणि त्यावर एका टोकाऐवजीं दोन. हीं दोन टोकें एकमेकांपासून केसाच्या जाडीइतक्याच अंतरावर हवीं होतीं. ब्रॅटन यांनीं प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा पत्रा चिकटविला, कोपऱ्यावर तो दाढीच्या पात्यानें चिरला, आणि तो त्रिकोण जर्मेनियमवर दाबून धरण्यासाठीं स्प्रिंग केली ती कागदाला लावावयाची क्लिप वांकवून.