पाकिटातला आरसा

वसईची सुकेळी खाल्लीयेत? राजेळी केळी उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. पान फेकलं तरी कुजून मातीत जातं. त्याच दुकानात वर वेफर्सच्या पाकिटांची माळ लटकत असते. पाकीट आतून चांदीसारखं चमकतं. ती चमक म्हणजे ॲल्युमिनियम, पण घरातल्या फॉइलपेक्षा शंभरपटीहून पातळ! आता इतकं पातळ लाटणार कसं? लाटतच नाहीत.

मंडळी, ही गोष्ट सुरू होते दुर्बिणीपासून. पूर्वी दुर्बिणीच्या आरशांना चांदीचा मुलामा असायचा, आणि तो काळा पडायचा. १९३० च्या दशकात जॉन स्ट्राँग या अमेरिकन शास्त्रज्ञाने निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती आरशांवर बसवली. १९३५ साली माउंट विल्सनच्या १०० इंची आरशालाही हा लेप मिळाला. हवा कशाला काढायची? एक तर धातूची वाफ कमी तापमानाला होते, आणि वाटेत हवेचे रेणू आडवे येत नाहीत.

काचेचं ठीक आहे हो, पण प्लास्टिक? 'कमी तापमान' म्हणजे तरी सुमारे १४०० अंश, आणि पॉलिएस्टर २६० ला वितळतं. युक्ती अशी, की फिल्मचा अख्खा रोल पेटीत ठेवायचा आणि थंडगार ड्रमवरून सुसाट पळवायचा. वाफ बसते, पण फिल्म तापायच्या आत पुढे गेलेली असते. १९६० साली नासाने अशाच फिल्मचा ३० मीटर व्यासाचा फुगा अवकाशात सोडला (इको-१) आणि त्यावर रेडिओ संदेश आपटवून पृथ्वीवर परत झेलले. आपल्याकडेही आबासाहेब गरवाऱ्यांची कंपनी संभाजीनगरात पॉलिएस्टर फिल्म बनवत आली आहे.

अवकाशातली ही फिल्म मग वेफर्सच्या पाकिटात आली, कारण ती दमटपणा, ऑक्सिजन आणि उजेड अडवते. पण भंगारवाला दुधाची पिशवी घेतो, हे पाकीट घेत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारी बहुपदरी पाकिटं दोन वर्षांत बंद करायचं ठरलं. २०१८ च्या दुरुस्तीत शब्द वाढले: पुनर्वापर होत नाही, जाळून ऊर्जाही मिळत नाही आणि दुसरा काही उपयोगही नाही, अशीच पाकिटं बंद. झालं, बरीचशी सुटली!

आपण मात्र दोष देतो त्या चमकीला. वास्तविक पाकिटाच्या जाडीत ती हजारात एक भागाच्या आसपास असते. खरा घोळ आहे तो वेगवेगळी प्लास्टिकं एकमेकांना चिकटवण्यात. ती नंतर सुटी होत नाहीत. सगळे पदर एकाच प्लास्टिकचे ठेवले, तर मुलामा अडवण्याचं बरंच काम करू शकतो. पेटीत मोजून ऑक्सिजन सोडला की ॲल्युमिनियमचा पारदर्शक ऑक्साइड बसतो, म्हणजे चमकही नको!

थोडक्यात, तंत्र तयार आहे. नियमातले ते वाढीव शब्द काढायचे की नाही, तेवढं आपण ठरवायचं.