गर्रा घोडा आणि चेहऱ्याची वही

मलिक मुहंमद जायसी यांनी ‘पद्मावत’ लिहायला घेतले ते हिजरी ९४७ मध्ये, म्हणजे इ. स. १५४० च्या सुमारास. सिंहलद्वीपाच्या राजदारी बांधलेल्या घोड्यांची त्यात रंगांनुसार यादी आहे आणि त्या यादीत ‘गरर’ असा एक रंग येतो. हिंदुस्थानीत यालाच गर्रा म्हणतात, इंग्रजीत रोन. तांबड्या अंगावर पांढरे केस मिसळलेले, डोके आणि पायांचे खालचे भाग मात्र गडद. अबलख घोड्याच्या अंगावर पांढऱ्याचे वेगळे पट्टे असतात. गर्ऱ्याच्या अंगावर एकेक केस वेगळा, म्हणून लांबून पाहणाऱ्याला तो भलत्याच रंगाचा वाटतो.

आज हा शौकिनांचा विषय वाटेल. त्या काळी तो पैशाचा विषय होता. ज्या शेरशाहची स्तुती जायसींनी ग्रंथाच्या आरंभी केली, त्यानेच घोड्यांना दाग देण्याची अलाउद्दीन खलजीची पद्धत पुन्हा सुरू केली, आणि पुढे अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती मनसबदारांवर लादली. कारण उघड होते. सरदार पगार घेत शंभर स्वारांचा आणि पदरी ठेवत मोजके. बदायुनी तर लिहितो की अमीर आपल्या नोकरचाकरांनाच शिपायांचे कपडे घालून हजेरीला उभे करत. हा बदायुनी अकबरावर नाराज असलेला माणूस, त्याचे सगळेच मी जसेच्या तसे घेत नाही. पण लबाडी नसती तर दागाची गरजच काय होती?

दागाच्या जोडीला ‘चेहरा’ असे. शिपायाच्या चेहऱ्यात बापाचे नाव, जात, ठिकाण, अंगावरच्या खुणा. घोड्याच्या चेहऱ्यात रंग आणि खुणा. मोगल फौजेवर लिहिणारा विल्यम आयर्विन सांगतो की रंगांचे मुख्य वर्ग २० होते, पोटभेद धरून ५८, आणि अंगावरच्या खुणांना ५२ नावे. हे पांडित्य नव्हे. घोडा बदलून आणला तर कारकुनाला तो पकडता आला पाहिजे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

इथेच गर्ऱ्याची गंमत आहे. करडा घोडा जन्मतः गडद असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. तरुणपणी लिहिलेला त्याचा चेहरा दहा वर्षांनी खोटा ठरणार. गर्रा तसा नाही. त्याच्या अंगातले पांढरे केस वयाबरोबर वाढत नाहीत; हिवाळ्या-उन्हाळ्याच्या केसांत छटा थोडी फिरते, तेवढेच. म्हणजे शिंगराला पाहून ‘करडा’ लिहायचे की ‘गर्रा’, हे चुकले तर पुढच्या हजेरीला प्रामाणिक शिपायाच्या पगारावर गदा येऊ शकते. जनुकशास्त्राने हे दोन रंग वेगळे असल्याचे अलीकडे सिद्ध केले. नजरेने ते ओळखण्याची गरज त्या वहीवर बसलेल्या मुनशीला तेव्हाच होती, असा माझा तर्क.

आणखी एक खूण गर्ऱ्याचीच. त्याच्या अंगावरची जखम भरून आली आणि तिथे पुन्हा केस फुटले, की ते बहुधा गडदच येतात, पांढऱ्यांची मिसळण नसते. इतर घोड्यांच्या जुन्या जखमेवर पुष्कळदा पांढरे केस येतात. याच्या अंगावर खोगिराचा घसटा, चावा, वार, सगळे काळ्या-तांबड्या ठिपक्यांनी लिहिलेले राहते.